पांगाऱ्याचा घोडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता यायचं नाही. तसं या गोष्टीत खऱ्या राजाचं काही कामही नाही, लाकडाच्या राजांचं आहे. लहान असाल तर जरा जवळ सरकून बसा. मोठे असाल तर हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल.

एका डोंगराला लागून दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. दोन्हींच्या मधोमध एक कुरण होतं आणि त्यातलं गवत असं गोड, की तिथं चरून आलेल्या गाईखाली रोजचं भांडं पुरायचं नाही. साहजिकच कुरण दोन्ही वाड्यांना हवं होतं. पूर्वी त्यावरून काठ्या चालायच्या, डोकी फुटायची. मग कुणा शहाण्यानं तोड काढली. दरवर्षी गवत गुडघ्याला लागलं की कुरणातल्या सपाट खडकावर बुद्धिबळाचा पट मांडायचा. जी वाडी डाव जिंकेल तिची गुरं वर्षभर तिथं चरतील. जी वाडी लागोपाठ तीन वर्षं हरेल, तिनं कुरणाकडे पुन्हा बघायचं नाही.

खालच्या वाडीत सोळा उंबरे होते आणि पटावर एका बाजूचे मोहरेही सोळाच. म्हणून एका घराला एक मोहरा, अशी वाटणी होती. ज्यानं त्यानं आपला मोहरा घरी कोरायचा, कावेनं लाल रंगवायचा, आणि डावाच्या दिवशी स्वतःच्या हातानं पटावर त्याच्या घरात ठेवायचा. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा वजीर एका गुराख्याच्या वाट्याला गेला आणि पाटलाला प्यादं आलं. त्या प्याद्याचा विषय पाटलासमोर कुणी काढत नसे. वरच्या वाडीचे मोहरे काजळीनं काळे केलेले असत.

आणखी एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा. डावात मारला गेलेला मोहरा परत मिळायचा नाही. डाव कुणीही जिंको, ज्यानं मोहरा मारला त्याच्या वाडीत तो जायचा, आणि तिथल्या देवळाच्या कोनाड्यात धूळ खात पडायचा. ज्या घराचा गेला, त्या घरानं पुढच्या वर्षी नवा कोरायचा. यात कुणाला वाईट वाटायचं नाही. लाकूड पुष्कळ होतं आणि कोरायला हात होते.

धर्मा सुताराच्या घराला घोडा आला होता. तो मात्र धर्मानं कोरलेला नव्हता. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, मैनेनं, कोरला होता. मैनेची आई लवकर गेली आणि पोर बापाच्या रंध्याखालच्या ढलप्यांत खेळतच वाढली. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, लहान हाताला सोसेल असं, म्हणून तिनं ते निवडलं. धर्मा म्हणाला, "आण इकडं, कान तेवढे मी काढून देतो." तर म्हणाली, "तुमचा घोडा नांगर ओढंल, बाबा. माझा उडी मारणार हाय." कान तिनंच काढले. सुरी घसरली आणि एक कान आखूड झाला. धर्मा हसला, मैना रुसली, मग दोघांनी मिळून घोड्याला काव लावली.

त्याच साली तापाची साथ आली आणि मैना गेली. घोड्याची काव पुरती वाळलीसुद्धा नव्हती.

आता खालच्या वाडीतर्फे पटावर कोण बसायचं, ते सांगायचं राहिलं. तुळसा बसायची. टोपल्या विणणारी बाई, बोलायला कमी, पण खेळात अशी पक्की की तिच्यासमोर बसायला पुरुष कचरत. मैना बऱ्याचदा तिच्या अंगणात असायची. तुळसाच्या बोटांत बांबूच्या पात्या चालू असायच्या आणि शेजारी खड्यांनी डाव मांडलेला असायचा. घोड्याची अडीच घरं मैनेला कधी चुकायची नाहीत. तुळसाला स्वतःचं मूल नव्हतं. मैना गेली तेव्हा तिनंही महिनाभर टोपली विणली नाही.

पुढं डावाचा दिवस आला. धर्मानं कमरेच्या उपरण्यातून घोडा काढला, पटावर ठेवला आणि त्याचा हात काही तिथून निघेना. बाकीचे पंधरा जण आपापला मोहरा ठेवून मागं जाऊन बसले होते. तुळसा खाली मान घालून त्या हाताकडे बघत होती. काहीही झालं तरी हा घोडा संध्याकाळी धर्माच्या घरी परत जाईल, असं तिनं त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकलं.

घोडा परत गेला, पण त्याला वाचवायला तिनं वजीर दिला. डाव हरला. कुरण गेलं.

दुसऱ्या वर्षी तेच झालं. घोड्यावर चालून कुणी आलं की तुळसा बाकी सगळं सोडून त्याच्यामागं धावायची. डाव पुन्हा हरला. वाडीत तिला कुणी शब्दानं बोललं नाही. दुधात माशी पडली तर अर्धा दिवस बोलत बसणारा पाटील, तोसुद्धा गप्प राहिला. कारण सगळ्यांना कळलं होतं. तुळसा हे का करते ते सोळाही घरांना ठाऊक होतं, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं असं प्रत्येकाला वाटत होतं. अशी माणसं होती ती. चांगली माणसं कधी कधी सगळी मिळून एकच चूक करतात.

आणि धर्माला? धर्मालाही कळत होतं. बुद्धिबळ मैनेला त्यानंच शिकवलं होतं, त्याच्या नजरेतून काय सुटणार? पण कळत नसल्यासारखा तो दोन्ही वर्षं घोडा उपरण्यात गुंडाळून घरी घेऊन आला. रोज सकाळी तो घोडा पुसायचा. मग कामाला लागायचा.

इकडं वाडीची गुरं दोन कोसांवरच्या ओढ्याकडे चरायला जाऊ लागली. वासरांना तेवढं चालवेना. जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटलं, लहान पोरांना ताकावर भागवावं लागलं. तीन घरांनी तर वाडी सोडायची बोलणी चालवली. आणि आता तिसरं वर्ष होतं. हा डाव गेला की कुरण कायमचं गेलं. मग तीनच काय, सोळाही घरांना उठावं लागणार होतं.

तिसऱ्या डावाला सकाळी सुरुवात झाली. वरच्या वाडीतर्फे हैबतीबुवा बसायचे. पांढऱ्या मिश्यांचा, सावकाश बोलणारा, सावकाश खेळणारा म्हातारा. त्यांनी सुरुवातीपासून घोड्याचा पिच्छा धरला. तुळसा घोडा वाचवत गेली आणि एकेक लाल मोहरा पटाबाहेर जात राहिला. आधी दोन्ही उंट आणि दुसरा घोडा गेला, मग वजीर, मग एक हत्ती. दुपारपर्यंत तिच्याकडे राजा, एक हत्ती, तो घोडा आणि चार प्यादी उरली. हैबतीबुवांचा वजीर तिच्या राजाजवळ येऊन उभा होता, आणि पुढच्याच चालीला मात बसणार होती.

खेळी तुळसाची होती. घोडा मागं आणला तर त्याचा राजाला आडोसा झाला असता, घोडाही वाचला असता आणि डाव दहा-बारा चाली लांबला असता. त्यानंतर हार ठरलेलीच होती. तिचा हात तिकडेच निघाला होता.

तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी दिसलं.

हैबतीबुवांचा राजा पटाच्या कोपऱ्यातल्या घरात होता. त्याच्या शेजारच्या घरात त्याचाच हत्ती. राजासमोर एक प्यादं, हत्तीसमोर एक प्यादं. राजाला हलायला एक घरही मोकळं नव्हतं, त्याच्याच माणसांनी त्याला कोंडून ठेवलं होतं. आता हत्तीसमोरच्या प्याद्याच्या पुढच्या घरात लाल घोड्यानं उडी घेतली, तर राजाला शह. तो घोडा मारू शकेल असा एकच मोहरा होता, राजासमोरचं प्यादं. त्याला तिरपं जाऊन घोडा मारावाच लागला असता. पण ते सरकलं की राजासमोरची उभी ओळ मोकळी. त्या ओळीत तुळसाचा हत्ती आला की पुन्हा शह. मध्ये आडवं यायला कुणी नाही, हत्तीला मारायला कुणी नाही, आणि राजाला जायला जागा नाही. मात.

दोन चालींचा खेळ. फक्त पहिल्या चालीत मैनेचा घोडा द्यायचा.

तुळसानं हात मागं घेतला. सूर्य डोक्यावर आला होता, भाकरीची वेळ झाली होती, आणि रीतीप्रमाणे पट तसाच ठेवून सगळे उठले. भाकरी खाताना काहीही बोलायला मोकळीक होती, फक्त पटाबद्दल बोलायचं नाही असा कडक नियम होता.

तुळसा एका बाभळीखाली जाऊन बसली. भाकरीचं फडकं सोडलं, पण घास तोडेना. थोड्या वेळानं धर्मा तिथं आला. हातात कांदा होता, तो त्यानं मुठीनं फोडला आणि अर्धा तिच्या भाकरीवर ठेवला.

"खा की गं," तो म्हणाला.

"भूक न्हाई, तात्या."

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

तिनं कांदा बोटानं बाजूला सारला. धर्मानं कुरणाकडे पाहिलं. आपणही ती चाल पाहिली आहे, हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि तिलाही विचारता येत नव्हतं. पण दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ते दोघांना कळलं.

"तुळसा," धर्मा म्हणाला, "माझ्या घरातली एक गोष्ट सांगू? घरातलीच, बाहेरची न्हाई."

"सांगा."

"मी रोज सकाळी उठतो, ती वस्तू पुसतो आन् पुन्हा फळीवर ठेवतो. दोन वर्षं झाली. पोरीनं ती खेळायला केली हुती. खेळायला. आन् मी पुसतोय." त्याचा अंगठा तळहातावर पुसल्यासारखा फिरला. "काल त्या वस्तूच्या पोटावरची काव निघून गेली. पुसून पुसून लाकूड दिसाया लागलंय. पोरीनं लावलेला रंग मीच घालवला बघ."

तुळसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलंही नाही. "मला न्हाई जमायचं, तात्या. तिचं म्हणून एवढंच उरलंय."

"तिचं एवढंच उरलंय असं म्हणू नगंस." धर्मा पहिल्यांदा जरा कडक बोलला. "रानबाच्या घरात परवा तान्ह्या पोराला दूध न्हवतं म्हणून पेज पाजली. मी तिथंच हुतो, त्यांची चौकट बशिवत. ते पोर वरडत हुतं आन् मला घरी जाऊन फळीकडं बघायची लाज वाटली. मैना असती तर तिनं मला काय म्हटलं असतं? तू वळखत हुतीस तिला. सांग काय म्हटलं असतं?"

तुळसानं आता पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणली असती, बाबा, उडी मारू द्या की त्याला."

धर्मा हसला आणि हसता हसता रडला. "व्हय," तो म्हणाला. "आसंच म्हणली असती." मग त्यानं तिच्यासमोर बसून तिला ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खायला लावली.

सगळे पुन्हा खडकाभोवती जमले. हैबतीबुवा मिश्यांवरून हात फिरवत बसले होते. घोडा मागं येणार याची त्यांना खात्री होती, आणि त्यानंतर काय खेळायचं तेही त्यांनी जेवतानाच ठरवून ठेवलं होतं. तुळसानं घोडा उचलला. धर्मा रीतीप्रमाणे मागं बसला होता. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित तिला जमलं नसतं. घोडा एकदा मुठीत धरला, आणि तो त्या काळ्या प्याद्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"शह," ती म्हणाली.

खालच्या वाडीच्या लोकांत कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. पाटील अर्धवट उभा राहिला आणि शेजारच्यानं त्याला धोतर धरून खाली बसवलं. हैबतीबुवांनी पटाकडे पाहिलं. राजाला हात लावला, सोडला. शेजारच्या हत्तीला हात लावला, सोडला. दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी राजासमोरचं प्यादं तिरपं नेलं आणि घोडा पटावरून उचलला.

तुळसानं हत्ती सरळ त्या मोकळ्या ओळीत नेला. "मात," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागली.

खालच्या वाडीला आधी काय झालं ते उमगलं नाही. मग उमगलं, आणि कुरणात एकच गलका झाला. पोरं गुरांना आणायला पळत सुटली. धर्मा मात्र होता तिथंच बसून राहिला. तुळसा त्याच्याजवळ जाऊन बसली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हैबतीबुवांनी आपला राजा आडवा ठेवला. दुसऱ्या हातात लाल घोडा तसाच होता. ते उठून दोघांजवळ आले.

"बाई," ते म्हणाले, "दोन वर्षं मी तुमच्याशी न्हाई, या घोड्याशी खेळत हुतो. याला धक्का दिला की तुमी बाकी सारं सोडून देता, हे मला पहिल्या साली कळलं. आज त्याच भरवशावर मी माझा राजा कोपऱ्यात कोंडू दिला. एवढं काय हुतं यात?"

पाटलानं त्यांना मैनेबद्दल सांगितलं. ऐकता ऐकता हैबतीबुवांचा चेहरा उतरला. त्यांच्याही घरी नाती होत्या. घोडा त्यांनी दोन्ही हातांवर घेतला आणि धर्मापुढं धरला. "मला ठाव न्हवतं," ते म्हणाले. "ठाव असतं तर मी असा खेळलो नसतो. घ्या. रीत गेली खड्ड्यात."

धर्माचा हात पुढं झाला. घोड्याला बोटं लागलीसुद्धा. सगळी वाडी बघत होती, आणि त्यानं तो घेतला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यानं हात मागं घेतला.

"नगं, बुवा," तो म्हणाला. "खेळात दिला तो दिला. परत घेतला तर उद्या सकाळपासनं मी पुन्हा पुसत बसंन." मग म्हणाला, "एक मागणं हाय. त्याला देवळातल्या कोनाड्यात ठिवू नगा. कुणी तरी खेळा त्याच्याशी."

हैबतीबुवांनी मान डोलावली आणि घोडा जपून पागोट्यात खोवला.

त्या वर्षी खालच्या वाडीची गुरं कुरणात चरली. वासरांनी अंग धरलं, दूध वाढलं, रानबाच्या पोराला गालावर मांस आलं. वाडी सोडून जायची बोलणी कुणी परत काढली नाहीत. धर्मानं रीतीप्रमाणे नवा घोडा कोरला. चांगला झाला होता तो, दोन्ही कान सारखे.

पुढच्या वर्षी पट मांडला तेव्हा वरच्या वाडीच्या काळ्या फौजेत एक लाल घोडा उभा होता. हैबतीबुवांनी तो रंगवला नव्हता. त्यांच्या नाती वर्षभर त्याच्याशी खेळल्या होत्या आणि त्याच्या पाठीवरची काव आणखी थोडी गेली होती, पण त्यांनी त्याला एक नवा दोराही बांधला होता, लगाम म्हणून.

डाव रंगला. तुळसा आता मोकळ्या मनानं खेळत होती आणि हैबतीबुवांना घाम फुटला होता. दुपारच्या सुमारास त्यांनी तो लाल घोडा उचलला, अडीच घरं उडी मारून थेट तुळसाच्या वजिरावर आणला, आणि वजीर मारला. खालची वाडी हळहळली. वजीर ज्याच्या घरचा होता त्या गुराख्यानं कपाळावर हात मारला. पाटील तर रागानं लालबुंद झाला.

एकटा धर्मा उठून उभा राहिला. आपण कुठल्या वाडीचे आहोत हे तो तेवढ्यापुरतं विसरला. त्याचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"बघितलंत?" तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि डोळे पुसत पुसत सगळ्यांना सांगू लागला, "माझ्या मैनेच्या घोड्यानं कशी उडी मारली बघितलंत का?"

तो डाव संध्याकाळी बरोबरीत सुटला. बरोबरी झाली तर काय करायचं, याचा नियम कुणीच केलेला नव्हता. म्हणून त्या वर्षी दोन्ही वाड्यांची गुरं एकाच कुरणात चरली, आणि कुणाची काठी उचलली गेली नाही.

तात्पर्य : जिवापाड जपलेली वस्तू वेळ आली की हातातून सोडता येणं, हेही तिच्यावरचं प्रेमच असतं.